मध्यस्थीच्या बैठकीआधी वकिलाने काय तयारी करावी?

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे मध्यस्थीविषयी आहेत आणि ती लिहिणाऱ्यांत पक्षकारांपेक्षा वकील अधिक आहेत. दावा कसा चालवावा हे वरिष्ठांच्या ऑफिसात बसून शिकता आले, तडजोडीच्या बोलण्याची तयारी मात्र कोणी शिकवली नाही, अशी त्यांची तक्रार आहे आणि ती रास्त आहे. तीस वर्षे जिल्हा न्यायालयात वकिली आणि त्यांतली अलीकडची काही वर्षे मध्यस्थ म्हणून काम करताना टेबलाच्या दोन्ही बाजूंनी जे पाहिले, त्याच्या आधारे या वेळी सहा पत्रांना उत्तरे देत आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : सातारा जिल्ह्यातील एका तालुका न्यायालयात मी चार वर्षे वकिली करते. माझ्याकडे वाटपाचा दावा आहे. वादी बहीण आहे आणि मी दोन प्रतिवादी भावांच्या वतीने काम पाहते. न्यायालयाने प्रकरण मध्यस्थीकडे पाठवले आहे. माझे वरिष्ठ म्हणतात, "हजेरी लावून या, तिथे काही होत नसते." खरोखर तयारी करायची झाली तर काय करावे?

उत्तर : दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८९ खाली प्रकरण मध्यस्थीकडे पाठवण्यास पक्षकारांची संमती आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ॲफकॉन्स इन्फ्रास्ट्रक्चर विरुद्ध चेरियन वर्की कन्स्ट्रक्शन या निकालात सांगितले. त्यामुळे पुष्कळ वकील मध्यस्थीला रोजनाम्यातली आणखी एक तारीख समजतात. पण त्याच निकालात कोणती प्रकरणे मध्यस्थीला योग्य आणि कोणती अयोग्य याची यादी दिली आहे, आणि कुटुंबातील वाटपाचे वाद योग्य प्रकरणांत धरले आहेत. तुमच्या वरिष्ठांचा अनुभव खोटा आहे असे मी म्हणणार नाही. तयारी न करता गेल्यास तिथे खरोखरच काही होत नाही.

पहिले काम अशिलांना बोलावण्याचे. फाइल बाजूला ठेवून निदान एक तास त्यांच्याशी बोला, आणि दोघा भावांशी आधी वेगवेगळे बोला. कैफियत (दाव्याला दिलेले लेखी उत्तर) एक असली तरी दोघांची गरज एक असतेच असे नाही. एकाला बागायत हवी असते, दुसरा पुण्यात नोकरीला असतो आणि त्याला रोख रक्कम चालणार असते. हे बैठकीत प्रथमच उघड झाले तर तुमचीच बाजू तुमच्यासमोर दुभंगते. त्यांचे हितसंबंध खरोखरच परस्परविरोधी निघाले, तर त्यांपैकी एकाने दुसरा वकील नेमावा हे स्पष्ट सांगणे तुमचे कर्तव्य आहे.

त्यानंतर तडजोड न झाल्यास काय होईल, हे त्यांच्यासमोर मांडा. इथे वकिलाला थोडे धैर्य लागते, कारण आपण कैफियतीत लिहिलेल्या बचावाची खरी किंमत अशिलाला सांगावी लागते. विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या ११ ऑगस्ट २०२० च्या निकालानंतर मुलगी जन्मानेच सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखीच वाटेकरी, आहे आणि वडील ९ सप्टेंबर २००५ रोजी हयात असण्याची अट नाही, हे ठरून गेले आहे. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने वाटप झाले असेल तर गोष्ट वेगळी. नुसत्या तोंडी वाटपाच्या किंवा "लग्नात सगळे दिले" या बचावावर भावांनी फार विसंबू नये. जमीन वडिलोपार्जित असेल आणि असे जुने वाटप नसेल, तर दावा लढवून त्यांच्या हाती लागण्यासारखे आहे ते मुख्यतः काही वर्षांचे लांबणे. त्या लांबण्याला खर्च आहे, त्या काळात जमीन विकणे आणि कर्ज काढणे अवघड होईल. हे एका कागदावर लिहून त्यांना वाचून दाखवा.

कागदांची तयारी दाव्यासाठी करतो त्याहून वेगळी असते. ताजे सातबारा आणि आठ-अ उतारे, संबंधित फेरफार, मोजणीची 'क' प्रत, सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा किती शिल्लक आहे याचा दाखला, विहिरीवरच्या वीजजोडणीचे बिल कोणाच्या नावे येते याची नोंद, हे सारे हाताशी ठेवा. प्रत्येक गटाचे तुकडे पाडल्यास प्रमाणभूत (तुकडेबंदी कायद्याने ठरवलेल्या किमान) क्षेत्रापेक्षा कमी क्षेत्र होते का, हे आधीच तपासा. तिघांनी आनंदाने कबूल केलेली वाटणी तुकडेबंदी कायद्याला अडून फेरफारावेळी अडकलेली मी पाहिली आहे, आणि त्यानंतरचे भांडण आधीच्या भांडणाहून कडू होते.

मध्यस्थ म्हणून मी अशाच एका प्रकरणात बसलो होतो. दोन बैठका भावांचे वकील हक्कसोडपत्राच्या बदल्यात द्यायची रक्कम वाढवत राहिले आणि बहीण मान हलवून नकार देत राहिली. तिसऱ्या बैठकीला तिच्या वकिलांनी मोजणीचा नकाशा आणला, टेबलावर पसरला, कागद पुन्हा गुंडाळू नये म्हणून एका कोपऱ्यावर चष्म्याचे घर ठेवले आणि म्हणाले, "ताई, तुम्हाला काय हवं ते तुम्हीच दाखवा." तिने रस्त्याकडेच्या एका लहानशा गटावर बोट ठेवले. "एवढा माझ्या एकटीच्या नावावर करा. उताऱ्यावर माझं नाव लागू दे. बाकीचं तुम्ही दोघं सरस-निरस बघून घ्या, विहिरीत मला पाणी नको." धाकटा भाऊ बराच वेळ नकाशाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "आक्का, हे आधी सांगितलं असतंस तर?" ती म्हणाली, "मला विचारलं कुणी?" गट अख्खा होता, त्याचा तुकडा पडत नव्हता, म्हणून तुकडेबंदीचीही अडचण आली नाही. दोन बैठका वाया गेल्या त्या दोघाही वकिलांनी तोवर तिला हा प्रश्न विचारला नव्हता म्हणून. तुम्ही भावांच्या बाजूने असलात तरी बहिणीला काय हवे असेल याचा अंदाज घेणे हे तुमच्याही तयारीत येते, आणि तो अंदाज तुमच्या अशिलांइतका चांगला दुसऱ्या कोणाला बांधता येणार नाही.

बैठकीच्या चार-आठ दिवस आधी बहिणीच्या वकिलांना फोन करा. कोणते कागद दोघांकडे आहेत आणि कोणते हवेत एवढेच बोला, म्हणजे पहिली बैठक उताऱ्यांच्या नकलांअभावी पुढे ढकलली जाणार नाही. मध्यस्थांसाठी दीड-दोन पानांचे टिपण द्या: मिळकती कोणत्या, कोणत्या मुद्द्यांवर वाद नाहीच, कोणत्या मुद्द्यावर आहे, याआधी कधी बोलणी झाली होती आणि ती कुठे तुटली. संयुक्त बैठकीतले पहिले निवेदन पाच मिनिटांचे असावे आणि ते बोलताना मध्यस्थांकडे पाहण्याऐवजी समोर बसलेल्या बहिणीकडे पाहावे. कैफियतीतले "वादीचे कथन खोटे, बनावट व खोडसाळ आहे" हे वाक्य त्या खोलीत उच्चारू नका. जिला पटवायचे आहे तिलाच पहिल्या मिनिटाला खोटारडी म्हटले, तर उरलेली बैठक तो शब्द परत घेण्यात जाते.

प्रश्न : माझे अशील चाकण परिसरात सुट्या भागांचा छोटा कारखाना चालवतात. एका मोठ्या कंपनीकडे त्यांचे १८ लाख रुपये थकले आहेत. ४ लाखांचा एक लॉट सदोष होता असे कंपनीचे म्हणणे आहे. वाणिज्य न्यायालय कायद्याच्या कलम १२-अ खाली, दाव्यापूर्वीच्या मध्यस्थीचा अर्ज दिला आहे. किती रकमेपर्यंत खाली यावे हे कसे ठरवावे, आणि आकडा आधी आपण सांगावा की त्यांना सांगू द्यावा?

उत्तर : तातडीचा अंतरिम आदेश मागायचा नसेल तर वाणिज्य न्यायालयात जाण्यापूर्वी मध्यस्थीची पायरी चढावीच लागते, आणि ती न चढता दाखल केलेला दावा नामंजूर होतो, हे पाटील ऑटोमेशन विरुद्ध राखेजा इंजिनिअर्स या ऑगस्ट २०२२ च्या निकालाने पक्के केले. तेव्हापासून बरेच जण ही मध्यस्थी केवळ "समोरचा आला नाही" असा अहवाल मिळवण्यापुरती वापरतात. तुम्ही आकड्याचा विचार करत आहात हे चांगले लक्षण आहे. या मध्यस्थीत गेलेला काळ मुदतीच्या कायद्यासाठी मोजला जात नाही, त्यामुळे मुदत संपेल या धास्तीने बोलणी उरकण्याचे कारण नाही.

आकडा भावनेने ठरवू नका, अशिलाला शेजारी बसवून त्याचा हिशेब करा. समजा, सदोष लॉटच्या मुद्द्यावर यश-अपयशाची शक्यता निम्मी-निम्मी आहे, तर ४ लाखांपैकी २ लाख धरा आणि मुद्दल १६ लाख समजा. निकालाला तीन वर्षे लागतील आणि न्यायालय ९ टक्के सरळव्याज देईल असे गृहीत धरले, तर तीन वर्षांनी हाती येतील २० लाख ३२ हजार. पण तुमचे अशील कॅश क्रेडिटवर १२ टक्के व्याज भरत असतील, तर तीन वर्षांनंतरच्या या रकमेची आजची किंमत साधारण १४ लाख ४६ हजार होते. त्यातून परत न मिळणारा खर्च दीड लाख वजा केला की १३ लाखांच्या आसपास येतो. व्याज ९ ऐवजी ६ टक्केच मिळाले तर हाच आकडा १२ लाखांवर उतरतो. दरखास्तीत (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीत) जाणारा वेळ यात धरलेला नाही. म्हणजे उद्या रोख १४ लाख मिळत असतील, तर "माझे चार लाख गेले" असे म्हणणाऱ्या अशिलाला हा कागद दाखवता येतो. उलट कंपनीने ९ लाख देऊ केले, तर कुठलाही अपराधभाव न बाळगता उठून येता येते. या हिशेबातली प्रत्येक गृहीत गोष्ट अशिलाने स्वतः मान्य केलेली असली पाहिजे, नाहीतर आकडा वकिलाचा राहतो आणि सहीच्या वेळी अशील मागे सरतो.

एक गोष्ट मात्र लगेच तपासा. माल पुरवण्यापूर्वी अशिलांची सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदणी झालेली होती का? असेल तर २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याखाली थकबाकीवर बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढ पद्धतीने व्याज मागता येते आणि वरचा सारा हिशेब बदलतो. शिवाय प्राप्तिकर कायद्यातील तरतुदीमुळे अशा उद्योगांचे पैसे मुदतीत न दिल्यास खरेदीदाराला त्या खर्चाची वजावट प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच मिळते. फेब्रुवारी-मार्चमध्ये कंपनीच्या लेखा विभागाला हा मुद्दा आपल्याहून चांगला कळतो. आपल्या अशिलाची गरज जशी लिहून नेतो, तशी समोरच्याला तडजोडीत काय मिळणार हेही लिहून न्यावे, ते यासाठी.

आकडा आधी कोणी सांगावा, यावर वकिलांत मतभेद आहेत. माझे मत असे की ज्याचा हिशेब तयार आहे त्याने आधी सांगावा. पहिल्या आकड्याभोवतीच पुढचे बोलणे फिरते. पण तो आकडा बिले, डिलिव्हरी चलने आणि व्याजाच्या तक्त्यासह सांगावा. १८ लाखांच्या थकबाकीला ४० लाखांची मागणी केली, की समोरचा अधिकारी वही मिटतो आणि मग त्याला ती पुन्हा उघडायला लावणे फार जड जाते. प्रत्येक वेळी खाली येताना काहीतरी मागून घ्या. रक्कम एकरकमी मिळणार असेल तर एवढे सोडू, हप्त्यांनी देणार असाल तर सोडणार नाही, पुढच्या सहा महिन्यांच्या ऑर्डर देणार असाल तर व्याजाचे पाहू, अशा प्रकारे. आणि कंपनीतर्फे कोण येणार हे आधीच लेखी विचारा. तडजोडीचा अधिकार देणारे पत्र किंवा ठराव नसलेला कनिष्ठ अधिकारी आला, तर तो "वर विचारून सांगतो" एवढेच म्हणू शकतो.

प्रश्न : मी नाशिक जिल्ह्यातील शेतकरी आहे. शेतरस्त्याच्या दाव्यात आमचे वकीलसाहेब म्हणतात की मध्यस्थीत मी स्वतः बोलायचे. मी तिथे काही कबूल केले आणि तडजोड झाली नाही, तर ते माझ्याविरुद्ध वापरतील का?

उत्तर : आपल्या वकिलांचे म्हणणे योग्य आहे आणि आपली भीतीही समजण्यासारखी आहे. मध्यस्थीतील बोलणे गोपनीय असते. तिथे दिलेला प्रस्ताव, सोडण्याची दाखवलेली तयारी किंवा मान्य केलेली गोष्ट न्यायालयात पुरावा म्हणून आणता येत नाही, आणि मध्यस्थाला साक्षीदार म्हणून बोलावता येत नाही. तडजोड न झाल्यास मध्यस्थाने न्यायालयाला फक्त "मध्यस्थी यशस्वी झाली नाही" एवढेच कळवावे, आत काय बोलणे झाले ते लिहू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने मोतीराम विरुद्ध अशोककुमार या प्रकरणात सांगितले आहे. मात्र जो कागद आधीपासून अस्तित्वात आहे, तो मध्यस्थीत दाखवला म्हणून गोपनीय होत नाही. जुना नकाशा किंवा तहसीलदारांचा आदेश समोरच्याला न्यायालयातही दाखल करता येईल.

मध्यस्थ तुमच्याशी एकट्याने बोलतील तेव्हा, यातले काय समोर सांगायचे आणि काय नाही, हे त्यांना स्पष्ट सांगा. तसे सांगितलेले ते पलीकडे नेत नाहीत. आणि वकीलसाहेबांना एक विनंती माझ्या वतीने करा: बैठकीआधी अर्धा तास त्यांनी समोरच्या शेतकऱ्याच्या जागी बसावे आणि तुम्हाला तिखट प्रश्न विचारावेत. "तुमचा ट्रॅक्टर माझ्या उसातून का जातो?" याचे उत्तर घरी एकदा देऊन झाले, की तिथे आवाज चढत नाही.

प्रश्न : मी नागपूरला कौटुंबिक न्यायालयात काम करते. माझ्या अशिलाला मारहाण झालेली आहे. तिच्या माहेरचे "मिटवून टाका" म्हणत आहेत. मध्यस्थीला नकार द्यावा का?

उत्तर : आधी तिला एकटीला, आईवडिलांना खोलीबाहेर बसवून, विचारा. तिला नवऱ्यासमोर बसण्याची भीती वाटते का, परत जाण्याचा दबाव कोण आणत आहे, आज ती कोणाच्या पैशावर जगते, मुले कोठे आहेत. या उत्तरांवर निर्णय घ्यावा लागेल. कुटुंब न्यायालय अधिनियम, १९८४ च्या कलम ९ नुसार तडजोडीचा प्रयत्न करणे हे न्यायालयाचे कर्तव्य आहे, पण प्रयत्न म्हणजे तिने सहन करून परत जाणे असा अर्थ कुठेही लिहिलेला नाही. भीती खरी असेल तर मध्यस्थांना आधीच लेखी कळवून संयुक्त बैठक टाळता येते. येण्या-जाण्याच्या वेळा वेगळ्या ठेवता येतात आणि दोघांशी स्वतंत्रपणे बोलणे चालवता येते. एवढे करूनही ती मोकळेपणाने "नाही" म्हणू शकत नसेल, तर मध्यस्थी नको, असे स्वच्छ सांगा. जिला नकार देता येत नाही तिचा होकार तडजोड ठरत नाही, आणि आपण वकिलांनी त्यावर तिची सही घेणे मला तरी मान्य नाही.

मध्यस्थीला जायचे ठरले, तर रिकाम्या हाताने जाऊ नका. अंतरिम पोटगीचा अर्ज आधी दाखल करा, म्हणजे महिन्याच्या खर्चापायी तिला मिळेल ते घ्यावे लागणार नाही. रजनेश विरुद्ध नेहा या नोव्हेंबर २०२० च्या निकालाने दोन्ही पक्षांनी उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे शपथपत्र देणे आवश्यक केले आहे. ते शपथपत्र हातात आल्याशिवाय रकमेचे बोलणे सुरू करू नका. स्त्रीधनाची यादी वजनासह, शक्य असेल तर पावत्या किंवा लग्नातल्या छायाचित्रांसह करा. माझा अनुभव असा की एकरकमी पोटगीच्या मोठ्या आकड्यावर एकमत झालेली बोलणी चार बांगड्या कोणाकडे आहेत यावर तुटतात, कारण त्या बांगड्यांत तिची आई असते.

परस्पर संमतीच्या घटस्फोटावर मिटणार असेल, तर हुकूमनामा होईपर्यंत कोणालाही संमती मागे घेता येते हे ध्यानात ठेवून रकमेचे टप्पे ठरवा. काही रक्कम पहिल्या अर्जावेळी, उरलेली अंतिम जबाबाच्या दिवशी डिमांड ड्राफ्टने, अशी विभागणी दोघांनाही सुरक्षित वाटते. फौजदारी तक्रार असेल, विवाहितेच्या छळाबद्दलचे जुन्या दंड संहितेचे कलम ४९८-अ किंवा आता भारतीय न्याय संहितेचे कलम ८५ लागलेले असेल, तर ती रद्द करण्यासाठी उच्च न्यायालयात कोण, केव्हा, कोणाच्या खर्चाने जाणार आणि तिने शपथपत्र कोणत्या टप्प्यावर द्यायचे, हेही तिथेच लिहून घ्या. मुलांच्या भेटींचे वार, वेळा, सुट्ट्या आणि आणण्या-पोहोचवण्याची जबाबदारी इतक्या तपशिलाने लिहा की दर रविवारी फोनवर नवी वाटाघाट करावी लागू नये. तिने स्वतःची पोटगी सोडली तरी मुलांचा पोटगीचा हक्क तिला सोडता येत नाही, हे तिला आणि समोरच्यालाही सांगा.

प्रश्न : लातूर जिल्ह्यातील माझ्या एका प्रकरणात मध्यस्थीत तडजोड झाली, हुकूमनामा झाला, पण आता दरखास्तीत अडकलो आहोत. तडजोडपत्रात "प्रतिवादी लवकरात लवकर कब्जा देतील व उभय पक्ष सलोख्याने वागतील" असे लिहिले होते. मसुदा कसा करायला हवा होता?

उत्तर : आपण प्रांजळपणे लिहिले याबद्दल आभार, कारण ही चूक फार जणांकडून होते. संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात, सगळे थकलेले असतात, समेट झाल्याच्या आनंदात कोणीतरी मागच्या तडजोड पुरशिसीचा (न्यायालयात द्यायच्या लेखी निवेदनाचा) नमुना काढतो आणि नावे बदलतो. मसुद्याची पहिली प्रत मी बैठकीआधीच, रकमा आणि तारखांच्या जागा रिकाम्या ठेवून, लिहून नेतो. ज्या अटी लिहिताना अडखळायला होते, त्याच अटींवर अजून बोलणे झालेले नाही हे तिथेच कळते.

प्रत्येक वाक्याला एकच कसोटी लावा: हा कागद उद्या बेलिफाच्या हाती दिला, तर तो नेमके काय करील? "लवकरात लवकर" म्हटल्यावर तो काहीच करू शकत नाही. "अमुक गटातील, सोबतच्या नकाशात लाल रंगाने दाखवलेल्या क्षेत्राचा प्रत्यक्ष कब्जा अमुक तारखेला सायंकाळी पाचपर्यंत, उभी पिके काढून, वादीस द्यावा, न दिल्यास त्या दिवसापासून दररोज इतके रुपये द्यावेत" असे म्हटले तर करू शकतो. सलोख्याने वागण्याचे वाक्य ठेवायला हरकत नाही, पण त्याची अंमलबजावणी होत नाही. सलोखा टिकवणाऱ्या गोष्टी, म्हणजे विहिरीच्या पाळीचे वार आणि तास, मोटारीच्या बिलातला वाटा, बांधावरच्या झाडांचे उत्पन्न, या मात्र लिहिता येतात.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २३, नियम ३ नुसार तडजोड लेखी आणि पक्षकारांच्या सहीची असावी लागते. वकिलाला अशिलाच्या वतीने सही करता येते असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मधील बायराम पेस्तनजी गारीवाला प्रकरणात म्हटले असले, तरी माझा सल्ला असा की हजर असलेल्या प्रत्येक पक्षकाराची सही प्रत्येक पानावर घ्यावी आणि सहीपूर्वी संपूर्ण मसुदा मराठीत मोठ्याने वाचावा. वाचताना कोणाच्या कपाळाला आठी पडते ते पाहावे. अज्ञान (वयाने सज्ञान नसलेला) पक्षकार असेल तर आदेश ३२, नियम ७ प्रमाणे न्यायालयाची परवानगी घेतल्याशिवाय केलेली तडजोड त्याच्यावर बंधनकारक राहत नाही.

जमिनीच्या प्रकरणात नोंदणीचा मुद्दा विसरला जातो. दाव्यात नसलेली स्थावर मिळकत तडजोडीत आणली आणि तिची किंमत शंभर रुपयांहून अधिक असेल, तर नोंदणी कायद्याच्या कलम १७ प्रमाणे त्या हुकूमनाम्याची नोंदणी करावी लागते. "गावठाणातले जुने घर तुला" असे जाता जाता एक वाक्य घातले जाते आणि पुढे तेच अडते. वाटपाच्या हुकूमनाम्याला मुद्रांक लागतो, तो कोण भरणार हेही लिहावे. बोजा कोण फेडणार, फेरफाराचा अर्ज कोण देणार, मूळ दस्त कोणाकडे राहणार, दोघांमधली इतर प्रकरणे कोणत्या तारखेपर्यंत काढून घ्यायची, ही वाक्ये रुक्ष असतात आणि तीच पुढे कामाला येतात.

मध्यस्थी कायदा, २०२३ चा आधार मसुद्यात घेण्यापूर्वी एक काळजी घ्या. ९ ऑक्टोबर २०२३ पासून त्याची काही कलमेच लागू करण्यात आली, सर्व एकदम नाहीत. म्हणून ज्या कलमाचा उल्लेख करायचा ते अधिसूचनेने लागू झाले आहे का, हे पाहूनच लिहा. तुमच्या प्रकरणात आता दुरुस्ती करायची असेल, तर त्याच मध्यस्थांपुढे दोन्ही पक्षांनी पुन्हा बसून कब्जाची तारीख आणि नकाशा ठरवणारी पुरशिस दरखास्तीत देणे, हा दरखास्त वर्षानुवर्षे चालवण्यापेक्षा जवळचा रस्ता आहे.

प्रश्न : मध्यस्थीत दोन बैठकांत दावा मिटला, तर वकिलाने फी कशी घ्यावी? तडजोडीच्या रकमेवर टक्केवारी चालते का? (एक वकील, कोल्हापूर)

उत्तर : टक्केवारी चालत नाही. निकालावर अवलंबून असलेली फी ठरवणे किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा घेणे यांना बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनी मनाई केली आहे, आणि तडजोडीची रक्कम त्याला अपवाद नाही. तारखेगणिक फी घेणाऱ्या वकिलाचे दावा लवकर मिटल्याने नुकसान होते, ही अडचण खरी आहे आणि ती लपवून ठेवल्याने अशिलाचा संशय वाढतो. मी स्वतः वकीलपत्र घेतानाच मध्यस्थीच्या तयारीची वेगळी, ठोक फी लिहून घेतो. त्यात अशिलाबरोबरच्या दोन बैठका, कागदांची जुळवाजुळव, मध्यस्थांसाठी टिपण आणि मसुदा एवढे येते. प्रत्यक्ष बैठकांची फी वेगळी असते, आणि प्रकरण मिटले काय किंवा न मिटले काय, ती तेवढीच राहते. पहिल्या दिवशी हा आकडा ऐकून काही अशील "नुसत्या बोलण्याचे इतके?" असे विचारतात. त्यांना मी वर दिलेली कामांची यादी वाचून दाखवतो.